उभ्या जागी चालणारा पट्टा

…आणि काढायचीही सोय नाही. काढला की तिकडं राजपाळयमला माझ्या होणाऱ्या बायकोच्या फोनवर कळतं की काढला, आणि मग फोन येतो, का काढलात, काय लपवायचंय? आता परोट्याची कणीक मळताना माणूस अंगठी काढतो, घड्याळ काढतो, ताईतसुद्धा दंडावर वर सरकवतो, आणि मी मात्र मनगटावर हा पावलं मोजणारा काळा रबरी पट्टा घालून कोपरापर्यंत मैद्यात. पट्ट्याच्या भोकांत मैदा जातो, मैद्यावर तेल जातं, तेलाला तव्याची धग लागते. परवा आमचे मालक तंगराज अण्णाच्ची म्हणाले, "इसक्की, तुझ्या मनगटाला परोट्याचा वास येतोय का परोट्याला मनगटाचा?" पण तुम्ही विचारलंत, घ्यावा का, म्हणून सांगतो. पट्टा चांगला आहे. मी नाव ठेवत नाही.

बसा ना, तवा तापायला वेळ आहे. मी एरवी गिऱ्हाइकाशी बोलत नाही, माझा तो स्वभावच नाही. शाळा आठवीत सोडली ती बोलायला लागू नये म्हणूनच. बाईंनी उभं केलं की माझ्या घशात गोळा यायचा. इथं बरं असतं, इथं गोळा हातात असतो.

तर माझं लग्न ठरलंय. म्हणजे ठरलं होतं, मोडता मोडता राहिलं, आणि आता पुन्हा… थांबा, क्रमानं सांगतो. मुलगी राजपाळयमच्या सूतगिरणीत कामाला, नाव पूंगोडी. तिला तीन भाऊ. थोरला सुडलैमुत्तु, मधला वेलचामी, धाकटा अय्यनार. तिघं कापसाच्या गाठी उचलतात. कापसाची गाठ बघितली आहे का तुम्ही? तुमच्या-माझ्यासारखी चार माणसं लागतात ती हलवायला. हे तिघं एकेकटे उचलतात, वर गप्पा मारत. साखरपुड्याला थोरल्यानं माझा हात हातात घेतला, प्रेमानंच हो, तर पुढं कितीतरी दिवस माझी बोटं एकमेकांना सोडायलाच तयार नव्हती.

त्याच दिवशी त्यानं हे पट्टे दिले. राजपाळयमच्या बाजारात एकावर एक फुकट होता, म्हणून एक तिला, एक मला. दोघांच्या फोनवर दोघांचं दिसतं. म्हणाला, "माप्ळे, लग्नाआधी एकमेकांची तब्येत कळलेली बरी." माप्ळे म्हणजे जावई, आमच्याकडे त्याला फार मान. पट्टा दिसायला नाजूक, रात्रंदिवस घाला, अंगाला टोचत नाही, आणि चार्जिंग तर इतकं टिकतं की कधी कधी वाटतं, मेल्या, एकदा तरी संप. खरं सांगू, मला तिचं बघायला आवडायचं. ती उठली, ती कामावर चालली, ती आता बसली असेल. पट्टा चांगला आहे, मी नाव ठेवत नाही.

आता परोट्याचं काम तुम्ही बघताच. हे शांत माणसाचं काम नाही. गोळा आपटायचा, दाबायचा, चिरडायचा, हवेत गरगरवून फळीवर असा फेकायचा की गिऱ्हाईक दचकलं पाहिजे. भाजले की एकावर एक रचायचे आणि दोन्ही तळव्यांनी दोन्हीकडून धोपटायचे, पदर सुटेपर्यंत. आणि कोत्तु परोटा मागितला की दोन लोखंडी पाती घेऊन तव्यावरच त्याचे तुकडे, टण टण टण टण, कोपऱ्यावरच्या पोलिसाला ऐकू गेलं नाही तर अण्णाच्ची पगारवाढ देत नाहीत. मी रागीट नाही, पण माझं पोट असं मारहाणीवर चालतं.

आणि हा पट्टा, याला वाटतं मी चालतोय. हात आपटला, एक पाऊल. पातं आपटलं, एक पाऊल. दिवेलागणीपासून दुकान आवरेपर्यंत मी या फरशीवरून हललेलो नसतो, हे बघा टाचांनी खड्डे पडलेत, आणि याच्या हिशेबानं मी रोज मदुरैला जाऊन येतो. मध्येच थरथरतो आणि टाळ्या वाजवणारे दोन हात दाखवतो. मला काय माहीत ते कशाबद्दल? मला वाटायचं परोटे मोजतोय. एवढे परोटे झाले, शाबास. मला बरं वाटायचं. अण्णाच्चींनी कधी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग एकदा दुपारी तिचा फोन. दुपारीच येतो रोज, दुकान थंड असतं तेव्हा. नेहमी तीच बोलते, मी हूं म्हणतो. त्या दिवशी तिनं सरळ विचारलं, "संध्याकाळी तुम्ही कुठं जाता?"

मी म्हटलं, "कुठं नाही."

"इतकं चालता आणि कुठं नाही? रोज? आणि काळीज एवढं धडधडतं तुमचं तेव्हा?"

तुम्हीच सांगा, होणाऱ्या बायकोनं काळजाचं विचारलं तर काय सांगायचं? मी म्हटलं, "दुकानात असतो."

"आणि दुकानातून कुठं?"

मी म्हटलं, "चिन्न वीडु."

आता मी काय खोटं बोललो? अण्णाच्चींची मागं दोन घरं आहेत. मोठ्यात ते राहतात, आणि त्याच्या पाठीला एक खोली आहे तिच्यात आम्ही कामाची माणसं झोपतो. दुकानात सगळे त्या खोलीला चिन्न वीडु म्हणतात, लहान घर. कांदे कुठं आहेत, चिन्न वीडुत. मैदा संपला, चिन्न वीडुतून आण. माझ्या तोंडात तेच बसलेलं. आता बाकीच्या सगळ्या मुलखात मोठं घर म्हणजे लग्नाच्या बायकोचं आणि लहान घर म्हणजे ठेवलेल्या बाईचं, हे का मला माहीत नाही? माहीत आहे हो. पण त्या वेळी सुचलं असतं तर मग मी परोटे कशाला लाटत बसलो असतो, वकील नसतो झालो?

फोन बंद झाला. मला वाटलं रेंज गेली. मी खुशीत कणीक मळायला गेलो, आज आपण बायकोशी दोन-तीन वाक्यं बोललो म्हणून.

दुसऱ्या दिवशी, ऐन गर्दीत, तिघं भाऊ आले. त्या तिथं बसले. मी दुरून मान लववली, थोरल्यानंही लववली. आधी जेवले. साल्ना दोनदा मागून घेतला, रस्सा आवडला असं सांगितलं, पानं दुमडली, हात धुतले, पुसले. मारायच्या आधी इतके स्वच्छ हात धुणारा माणूस मी तरी बघितला नव्हता.

मग थोरला तव्यापाशी आला. "माप्ळे, जरा पुढं येता का?"

मी पुढं झालो आणि मला तारे दिसले. एकच दिली त्यानं, डाव्या हाताची. मी कणकेच्या परातीत. तिथून मधल्यानं मला शर्टाला धरून उचललं, गाठ उचलतात तसं, पाठीला झटका न देता.

"सांगा," मधला म्हणाला, "कोण आहे ती?"

तीन शब्दांचं काम होतं. मागची खोली आहे. झालं. पण घशातून हवासुद्धा येईना, त्यात धाकट्यानं मान धरलेली. अण्णाच्ची धावले, म्हणाले, "अहो, जे काय आहे ते बाहेर, तव्याजवळ नको," तर धाकट्यानं त्यांना अदबीनं उचलून केळीच्या पानांच्या ढिगावर ठेवलं. गिऱ्हाइकांनी काय केलं? आपापली पानं उचलून भिंतीकडची जागा धरली आणि जेवत राहिले. एकानं तर साल्ना मागितला. कोणाला? मला.

आणि धाकटा मध्येच चुकून म्हणाला, "बोल की रे." तर थोरल्यानं मला सोडून आधी त्यालाच एक ठेवून दिली. "जावयाला अरे-तुरे? लग्न अजून मोडलेलं नाही. आईला कळलं तर?" मग धाकटा म्हणाला, "बोला की हो," आणि माझं नाक फोडलं. तुम्हाला सांगतो, एवढ्या मानानं मला आयुष्यात कोणी बोलावलं नव्हतं. माप्ळे, तोंड जरा इकडं करा. माप्ळे, हात खाली घ्या, नाहीतर बोटं दुखावतील. अहो-जाहोत दोन दात हलले माझे.

एवढ्यात हा पट्टा थरथरला. मला वाटलं टाळ्या. नाही. याच्यात एक फूल येतं, निळं, ते हळूहळू उमलतं आणि मिटतं. म्हणजे तुम्हाला ताण आलाय, दीर्घ श्वास घ्या. मी फळीखाली, छातीवर वेलचामीचा गुडघा, आणि डोळ्यांसमोर ते फूल. त्याची माया खोटी नव्हती. पट्टा चांगला आहे, मी नाव…

थोरल्याला तो उजेड दिसला. "काय पेटलं? तिला निरोप जातोय वाटतं, सावध राहा म्हणून." त्यानं पट्टा ओढून काढला, आणि हरवू नये म्हणून स्वतःच्या मनगटात घातला. वस्तू पैशाची, भिरकावणार कशी? आणि मग त्याच हातानं पुन्हा सुरू झाला, धपाधप, धपाधप.

तर त्याच्या खिशात फोन वाजला. पूंगोडीचा. त्यानं एका हातानं कानाला लावला, दुसरा हात माझ्यावर चालूच. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं.

"अण्णा, तुम्ही पोचला नाहीत का? ते बघा निघाले. आत्ता चालताहेत, भराभरा."

"कोण चालतंय? माप्ळे तर माझ्या हाताखाली आहेत."

"मग आकडा कसा वाढतोय? बघा, अजून वाढला. कोण चालतंय मग?"

थोरला थांबला. मनगटाकडं बघितलं. मला एक ठेवून दिली. पुन्हा मनगटाकडं बघितलं. वेलचामीला म्हणाला, "इकडं ये. हे बघ." आणि त्याला दाखवायला अजून एक.

वेलचामी विचारी माणूस. म्हणाला, "अण्णा, एवढ्यावरून काही ठरवू नका, योगायोग असेल." म्हणून अजून थोड्या. मग धाकटा म्हणाला, "मला बघू द्या ना," तर पट्टा त्याच्या हातात गेला. त्याच्याही हातानं मोजलं. मग म्हणाले, हळू मारून बघू. हळू मोजत नाही. मग मध्यम. मी सांगतो, दुकानात हा पट्टा कोणी इतका तपासून विकत नसेल.

शेवटी पानांच्या ढिगावरून अण्णाच्ची म्हणाले, "अहो, परोट्यांना मारा ना, ते त्यासाठीच आहेत." तेव्हा थोरल्यानं भाजलेल्या परोट्यांची चळत धोपटली. आकडा धावला. टाळ्या वाजल्या. गिऱ्हाइकं जेवायची थांबली, तो साल्नावालासुद्धा.

मग चिन्न वीडुची तपासणी. अण्णाच्चींनी नेऊन दाखवलं. मैद्याची पोती, कांद्याची टोपली, चटया, दोरीवर माझी लुंगी. सुडलैमुत्तु दारातून वाकून आत गेला, तसाच वाकून बाहेर आला आणि म्हणाला, "खरंच लहान आहे."

परत आल्यावर त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं माझं नाक पुसलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. "माप्ळे, मनात धरू नका. तुमच्या जागी दुसरा कोणी असता ना, तर आम्ही असं अहो-जाहो केलं नसतं." आणि पट्टा स्वतःच्या हातानं मला घातला, अगदी घट्ट. फोनवर आईला सांगितलं, लग्न आहे, मुलगा साधा आहे, मार सहन करतो.

म्हणजे सगळं मिटलं, असं मला वाटलं. सुजलेल्या तोंडानं दोन दिवस परोटे लाटले, पण मनात मी नवरदेव होतो.

मग काल दुपारी तिचा फोन. आधी रडली. लागलं का, जेवता येतं का, दात कसे आहेत. मी हूं, हूं. मग म्हणाली, "एक विचारू? परोटे आपटताना तुमचं काळीज धावतं. भाऊ मारत होते तेव्हा तर उडत होतं. आणि रोज दुपारी मी फोन करते, तेव्हा हा पट्टा दाखवतो की तुम्ही झोपलाय. रोज. मी बोलतेय आणि तुम्ही गाढ झोपेत."

आता काय सांगू? तुम्हाला सांगतो. तिचा फोन आला की मी पोत्याला टेकून बसतो. बोट हलवत नाही. पोतं करकरलं तर तिचा एखादा शब्द जाईल, म्हणून कूस बदलत नाही. श्वास जपून घेतो. डोळे मिटतो, कारण उघडे असले की कांद्याची टोपली दिसते आणि ती दिसत नाही. आता पट्ट्याला यातलं काय कळणार? हात हलत नाही, श्वास हळू, काळीज शांत, तो बिचारा लिहितो, झोपला. त्याची चूक नाही. पट्टा चांगला आहे.

एवढंच तिला सांगायचं होतं. आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. शब्द सगळे ओठावर होते. तिनं वाट बघितली, बराच वेळ. मग म्हणाली, "बघा, आत्तासुद्धा झोपलात," आणि फोन ठेवला.

आज सकाळी वेलचामीचा निरोप आला. तिनं घरी सांगितलंय, "माझ्यात त्यांचा जीव नाही, असा नवरा नको." तिघं दुपारच्या बसनं येताहेत. निरोपात म्हणतो, माप्ळे, काळजी करू नका, या वेळी आधी नीट विचारू, तुम्ही फक्त नीट उत्तर द्या.

म्हणून सकाळपासून मी गिऱ्हाइकांना सांगून बघतोय. तुमच्यापुढं तर सगळं निघालं, अडखळलो पण नाही, हो ना? तुम्हाला वेळ असेल तर थांबाल का? ते आले की हेच त्यांना सांगायचं, पोत्याचं, डोळे मिटण्याचं, बस. तुम्ही सांगितलंत तर पटेल.

नाही? घाई आहे? बरं. असू दे, तुमचं बरोबर आहे. अख्खा देऊ परोटा, का तोडून?