बियाचा कांदा

—अठ्ठ्याण्णव साल असेल. की नव्याण्णव? नक्की सांगता येत नाही हो शफीभाई, माझ्या आठवणीवर तुम्ही फार विसंबू नका. भरत, म्हणजे आमच्या हिचा, साळुबाईचा भाचा, कंपनीच्या ट्रेनिंगला जपानला गेला होता. येताना टीव्हीला जोडायचं हे गेमचं मशीन घेऊन आला आणि त्याबरोबर ही एकच गेम. इथे जुन्नरमध्ये तेव्हा कोणाकडे असली वस्तू नव्हती — निदान मला तसं वाटतं. अक्षरं सगळी जपानी. मी रसायनशास्त्रात पीएचडी केलेला माणूस, आणि मला त्यातलं एक अक्षर कळेना. चित्रं बघून चालायचं. बसा ना, खुर्ची ओढून घ्या. तुम्ही दुरुस्त केल्यावर चित्र स्थिर आहे ना आता? हलवू नका काही.

ही पोरगी दिसते ना टोपीवाली, ती औषधं आणि बॉम्ब बनवते. कशी? कोळसा टाकायचा, दगड टाकायचा, मधमाशीचं पोळं टाकायचं आणि स्टुलावर उभं राहून काठीने ढवळायचं, गुऱ्हाळात काहिलीतला रस ढवळावा तसं. वजन नाही, माप नाही, की आच किती ते नाही. झाला बॉम्ब. मला अक्षरशः शिसारी यायची. जन्मभर मुलांना तराजूपुढे उभं केलं, आणि माझ्याच घरात हा तमाशा. पण साळुबाईला भारी आवडायचं. ‘‘असं ढवळलं तर बुडाला करपंल की गं,’’ असं त्या पोरीला सांगायची. टीव्हीतल्या पोरीला.

आणि ती लढाई. आपण एक वार करायचा आणि थांबायचं. मग समोरचं जनावर वार करणार आणि थांबणार. पाळीपाळीने. आपल्याकडे उसात बिबट्या बसतो, तो काय म्हणतो — सर, आधी तुम्ही? किळस येते मला या खोटेपणाची. कोणी थांबत नाही हो. तिचा आजार थांबला का? एकदा तरी आम्हाला पाळी दिली का त्याने? …जाऊ द्या. आपण मशीनबद्दल बोलत होतो.

हे काळं धूड, शेवटचं जनावर. साळुबाई त्याला मुकादम म्हणायची. मुकादमाला मारलं की गेम संपते. त्यासाठी मोठा बॉम्ब लागतो आणि त्या बॉम्बला हा लागतो — हा बघा, खालच्या कोपऱ्यात, तांबडा, कांद्यासारखा. अख्ख्या गेममध्ये एकच मिळाला. मी म्हटलं, टाक भांड्यात. तर म्हणाली, ‘‘ह्यो बियाचा कांदा हाय. बियाचा कांदा शिजवायचा नस्तो.’’ आण्याच्या पठारावरची ती. तिकडे पाऊस दगा देतो. उपाशी निजतील, पण बियाला हात लावणार नाहीत. मी समजावलं, अगं, चित्र आहे हे. तर म्हणाली, ‘‘चित्राचा का असंना, शेवटचा हाय.’’ मग लहान बॉम्ब करायची, दहा-दहा, वीस-वीस, आणि मुकादमाला मारायला जायची. त्याचा जीव बोटभर उरायचा आणि आमची पोरगी आडवी. पुन्हा कोळसा, पुन्हा दगड. मी पेपर वाचायचो… म्हणजे पेपर हातात धरून बसायचो.

ती दोन हजार तीनला गेली. त्यानंतर मी खेळलो, असं समजू नका. नुसतं सुरू करून बघायचो. आता एवढे बॉम्ब दिसताहेत, ते कोणी केले म्हणता? मीच केले असतील. मोकळा वेळ असतो माणसाला. पण कांद्याला हात लावलेला नाही.

म्हणजे तुमचं म्हणणं असं, की आमचा खेळ ज्यात साठवलाय ते कार्ड आज चाललं ते नशीब, पुन्हा वाचलं जाईल याची खात्री नाही, आणि दुसऱ्या कार्डावरही उतरत नाही. म्हणजे हे शेवटचं. हो, कळतंय मला. टाका कांदा, मारा मुकादमाला, शेवट तरी बघा — तुम्ही चांगल्या मनाने सांगता. माझंच चुकत असेल. सगळं शिक्षण पाण्यात गेलं म्हणा. एका खोट्या कांद्यासाठी एक म्हातारा घाम पुसत बसलाय, याचीच मला जास्त किळस येते.

नको, ते बटण नको. त्याच्या बाजूचं. हां, तेच. बंद करा. मशीन न्या तुम्ही, कोणाच्या उपयोगी पडलं तर पडू दे. कार्ड इथे ठेवा, फळीवर. चहा राहिला, पुन्हा कधीतरी. दार ओढून घ्या जाताना.

आणि हे बाहेर बोलू नका — गेल्या वर्षी भरतने जपानी इंटरनेटवर शोधून, दोनदा खात्री करून मला सांगितलंय. तो कांदा भांड्यात टाकला, की दुसऱ्या सकाळी त्या पोरीच्या घरामागे तसल्याच कांद्यांचा अख्खा वाफा उगवतो.