सिद्धू पायपात ठेवला होता

...नाही, पण मी म्हणतो, लंगडी खेळायला एक पाय उचलावा लागतो का नाही? लागतो! मग दहा महिन्यांचं, पाट्यावरवंट्यासारखं जड पोरगं कमरेवर घेऊन एक पाय उचलायचा म्हणजे... तुम्हीच उचलून दाखवा! कौसल्या अवघी नऊ वर्षांची. आई द्वारकाबाई दिवस उगवायला भाजीची पाटी घेऊन इंदापूरच्या बाजारात बसायची, आणि जाताना धाकटा सिद्धू हिच्या कमरेवर चिकटवून बजावायची, "खाली ठिवलास तर बघ! मुंग्या लागत्यात त्याला." आता सांगा, पोरीनं करावं काय?

बरं, खेळायला जागा तरी राहिली होती का? आळीपुढचं पटांगण, त्यातनं पुणे-सोलापूर रस्ता रुंद व्हायला लागला. विटीदांडूची गल गेली रोलरखाली, गोट्यांची जागा खडीखाली, सूरपारंब्यांचा वड तर एका दिवसात आडवा! मोठी माणसं खूश. "सुधारणा हाय बाबा, सुधारणा!" पोरांना विचारलं कुणी? छे! पण पोरं ती पोरंच. रस्त्याखालच्या मोऱ्यांसाठी सिमेंटचे भलेमोठे पायप कडेला आणून टाकलेले, त्यात त्यांनी गाव वसवलं. ही चावडी, ही पिठाची गिरणी, आणि सगळ्यात शेवटचा पायप कौसल्याचा. बाहेर मे महिन्याचं ऊन मी म्हणतंय आणि आत कसं गार! खाली दुपटं अंथरलं, सिद्धूला निजवलं, की गडी दोन तास हूं की चूं करायचा नाही.

आणि मग तुम्हाला सांगतो, तो दिवस. पोरं मागच्या बोळात लंगडी खेळत होती. कौसल्यानं ओळीनं सात गडी बाद केले, धापा टाकत पायपाकडं आली... तर पायप कुठाय? एक नाही, शेवटचे चारही गायब! जमिनीवर नुसत्या चार पांढऱ्या खुणा. आणि तिकडं लोणी देवकरच्या बाजूला धुरळा उडतोय, धुरळ्यात ट्रक, ट्रकवर दोरखंडानं आवळलेले चार पायप!

ओरडावं? ओरडलं तर आईला कळणार. गप्प बसावं? गप्प बसलं तर सिद्धू... पायप गडगडवत नेतात हो, फळीवरनं ढकलत चढवतात! आत पोरगं असलं म्हणजे? आता सांगा, पोरीनं करावं काय?

ती पळत सुटली. अनवाणी, तापलेल्या खडीवरनं. मागनं झुंबर, तिचा जोडीदार, ओरडला, "रस्त्यानं न्हाय गावायचा! म्होरं जकात नाक्यावर थांबतुया त्यो, पल्याडच्या बोळातनं चल!" वळली सगळी पोरं त्या बोळात. तर बोळाच्या तोंडाशी नवी कोरी भिंत! कालपर्यंत नव्हती. तिथंही कुणाची तरी सुधारणा!

उजव्या हाताला आक्काबाईचं घर. पुढचं दार उघडं, मागचं दार उघडं, मधे आक्काबाई भाकरी थापत बसलेली. मग काय विचारता! अकरा पोरं एका दारानं आत, चुलीवरनं उडी, दुसऱ्या दारानं बाहेर. "आरं मेल्यांनू! माझं पीठ! माझी परात! कुणाची रं कार्टी?" थांबतंय कोण?

नाक्यावर ट्रक उभा होता, आता निघणार. कौसल्या थेट चाकापुढं जाऊन उभी राहिली. "माझा भाऊ हाय वर!"

ड्रायव्हर खेकसला, "येडी का खुळी? वर पायप हायेत." पण झुंबर तोवर माकडासारखा वर चढलेला. पहिला पायप. "न्हाय." दुसरा. "न्हाय." तिसरा. "न्हाय." चौथ्यात त्यानं डोकं घातलं आणि कमरेपर्यंत आत शिरला. मग हात बाहेर आला. हातात दुपटं. नुसतं दुपटं!

कौसल्यानं ते ओढून घेतलं. रडायचंसुद्धा सुचेना तिला. दुपटं उलटंपालटं करून बघत होती, जणू घडीत असेल तो कुठंतरी...

तेवढ्यात ट्रकवरचा एक मजूर, सोनबा, वाकून बघायला लागला. "ए पोरी, ते गुटगुटीत प्वार तुझं व्हय? ज्याच्या हातात काळे मणी?"

हिनं मान हलवली.

"अगं, माझ्या बायकूनं आधीच काढलं की त्याला! दर टायमाला आदूगर आत बघती ती, कुत्री झोपत्यात. लिंबाखाली तिच्या झोळीत हाय बघ."

लिंब कुठं? पायपाच्या जागेपासनं तीस पावलांवर! गाव पालथं घातलं आणि पोरगं तिथल्या तिथं! परत पळाली. झोळीत दोन पोरं, एक सोनबाच्या बायकोचं, रंगूबाईचं, एक सिद्धू, एकमेकाच्या अंगावर पाय टाकून ढाराढूर. रंगूबाई म्हणाली, "हितं ट्रका फिरत्यात बाई, लेकरू अस्सं टाकत्यात व्हय?" आणि मग कौसल्या रडली. अशी रडली की दोन्ही पोरं जागी होऊन तिला साथ द्यायला लागली.

एवढ्यात पिठानं माखलेली आक्काबाई पुढं आणि तिच्या मागं तिनं बाजारातनं बोलावून आणलेली द्वारकाबाई. सगळं ऐकल्यावर द्वारकाबाईनं पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि त्याच हातानं तिला पोटाशी धरून ती खाली बसली ती उठेचना. धंदा सोडून पोर सांभाळावं तर खायचं काय? आता सांगा, आईनं तरी करावं काय?

जूनमध्ये शाळा उघडली. पायप सगळे रस्त्याखाली गेलेले. पहिल्या दिवशी कौसल्या सिद्धूला कमरेवर घेऊन वर्गात हजर. गुरुजी म्हणाले, "हे काय?"

"आई म्हनली, हितं ट्रक येत न्हाईत."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बस. पण पाढे म्हणताना त्यानं रडायचं नाही."

आता खरं सांगू का? पाढे सुरू झाले की त्या वर्गात निम्मी पोरं रडायचीच... त्यात एक वाढलं!