लालीचा वाटा

बसा ना कंपाउंडर साहेब, खाटेवर बसा — माझं बोलणं साधंच हाये, चुकलं-माकलं तर राग नका मानू, चौथीतच शाळा सुटली — पावसाळ्यात वर्गात अंधार झाला की फळाच दिसे ना — नाही, तसं नाही, घरच्या ओढीनं सुटली म्हणा. लालीचा पट्टा आणला? खिशातच राहू द्या, हळू बोला, नलू परसात हाये. माझी बहीण. कान लय तिखट झाले तिचे.

लालीची माय कारखान्यातल्या रशियन साहेबाची कुत्री, ते आपल्या देशी गेले अन् ती आमच्या मजुरांच्या लायनीत राहिली. लाल रंग टिकावा म्हणून लोकांनी तिची जोडी तिच्याच लेकाशी लावली — त्यातली ही. दिवेलागण झाली की खाटेच्या पायाले धडके. नलूबी तिथंच धडके. हसू आमी! मग माय सुपेल्याच्या बाजारातून बकऱ्याची कलेजी आणू लागली — रातांधळ्याले भाजून देतात ना — अन् नलू आपल्यातली अर्धी लालीले देई, 'खाय वं, तुलेबी दिसन.' वर्षभर खाल्ली दोघींनी. फरक पडला? कायचा! दिवसाचंबी मिटत गेलं.

तेच ऐकून तुमचे डॉक्टर आले. म्हणे, कलेजीनं उतरते तो रोग वेगळा, हा रक्तातला, डोळ्याआतला पडदा वाळत जाते. कुत्रीत मायलेकाचं रक्त एक झालं, तुमच्यात काय? मी मान खाली घातली. आमच्यात मामाची पोरगी करतात साहेब — माय-बाबाचं तसंच. म्हणे, लालीचा डोळा ताजा कापून पाहिला तर हा रोग समजन. मी म्हटलं, न्या. नलूले दिसत असन तर न्या —

काय म्हणता? नलूसाठी नाही? पुढं कधी, कोणाच्या तरी नातवाले? ... पण डॉक्टर तर — नाही, ते तसं बोललेच नव्हते. मीच धरून चाललो.

माझं कावून विचारता? मी बरा हाये. नाइट शिफ्ट सोडली ती पोटदुखीनं. भट्टीजवळ तर दिसतेच ना मले... माझ्या डोळ्यात नका पाहू साहेब.

काल सांजेले तुमी लालीले नेलं. आज सकाळी मी कलेजी भाजली, हाताच्या सवयीनं दोन वाटे झाले. नलू खाली हात करून म्हणे, 'दादा, लाली कावून खात नाही?' मी भुईवर बसलो, लालीच्या ताटलीत तोंड घातलं, अन् चपचप वाजवत सारं खाल्लं. नलू हसली. म्हणे, 'हळू खाय वं. तुलेबी दिसन.'

उठा साहेब. पट्टा घेऊन जा.