किसनअण्णाच्या ताटातली अर्धी भाकरी

पाव्हणे मंडळी, पालीकर, माय-माऊल्यांनो,

दहाव्याचा विधी आटोपला. ऊन चढतंय, लांबच्या लोकांना परतायचंय. चाळीस वर्षं मी बातम्या लिहिल्या. दुसऱ्यांच्या दहाव्याला मला शब्द सापडायचे. आज सापडत नाहीत. पण एक गोष्ट न बोलता गेलो, तर घरी घास उतरणार नाही.

किसनअण्णा माझा शेजारी. पाली-बीड जीप चालवायचा. त्याचा जन्म स्टिअरिंगमागं बसून गेला, माझा खुर्चीत. दोघांना साखर निघाली ती एकाच आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, वजन उतरवा. खाणं आवरा, रोज चाला, अंगाला थोडं ओझंही द्या. मी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. अण्णानं सगळं ऐकलं. तो धरणाच्या भिंतीवर चालायचा आणि येताना शेळ्यांच्या पाल्याचा भारा डोक्यावर आणायचा. मी बाजेवर पडून भाकरी कमी करायचो.

वजन आम्ही कापूस खरेदीच्या काट्यावर करायचो. अण्णा चपला काढून चढायचा. मी चष्मासुद्धा काढायचो. हसा, हसा. तोही हसायचा.

चार महिन्यांनी दोघंही सात-सात किलो उतरलो. मी म्हणालो, "बघ अण्णा, काटा दोघांचं एकच सांगतो. तू कावून पाय झिजवतोस?"

तो म्हणाला, "आपण काय कापूस हाव का बे, काट्यावर कळायला? चल, रगत तपासू."

तपासलं. अण्णाची साखर इतकी सुधारली होती, की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. माझी जराशी हलली होती, आणि जिना चढताना पाय लटपटत होते. डॉक्टरांनी समजावलं. नुसतं खाणं तोडलं, की चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं. हालचाल असली, की मांस टिकतं, आणि तेच मांस रक्तातली साखर ओढून कामाला लावतं. दोघांचं वजन सारखं उतरलं, तरी आतला फरक सारखा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या दाराची कडी वाजली. "ऊठ बे पत्रकार. कापूस न्यायला आलोय."

तेव्हापासून रोज. तीन वर्षं. माझी बायको गेलेली, पोरं पुण्यात. मंडळी, दिवसभरात मला 'ऊठ' म्हणणारा तो एकच माणूस होता. आता मी पाचलाच जागा होतो आणि कडीकडं बघत बसतो.

असो. बोलायचं होतं ते हे नाही.

गेले दहा दिवस गावात एक बोलणं फिरतंय. सखूवहिनींनी नवऱ्याला अर्ध्या भाकरीवर ठेवलं, म्हणून त्याला चक्कर आली, म्हणून तो पाला काढताना कडुलिंबावरून पडला. आज पिंडाला कावळा येईना, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "आता तरी आख्खी भाकर ठेवा त्याच्यापुढं." वहिनींनी तोंडावर पदर घेतला. मी पाहिलं. म्हणणाऱ्याचं नाव मी घेणार नाही. त्याचाही अण्णावर जीव होता. आपल्याकडं माणूस वाळला की आपण आधी त्याच्या चुलीकडं बघतो.

पण ऐका. त्या दिवशी सकाळी मी अण्णाच्या ताटाशेजारीच बसलो होतो. अर्धी भाकरी होती, खरंय. तिच्याजवळ वाडगाभर मटकीची उसळ होती, काकडी होती, ताक होतं. अर्धी भाकरी सगळ्यांनी मोजली, उसळ कोणीच मोजली नाही. वहिनी पहाटे उठून ती शिजवायच्या.

आणि तो लिंब. तो मी त्याच दिवशी जाऊन पाहिला. फांदी मोडून लोंबत होती. वरून हिरवीगार, मोडली तिथं आतून वाळवीनं पोकळ केलेली. अण्णा पडला, कारण फांदी मोडली. उतारवयात तो त्या झाडावर चढू शकत होता, ते वहिनींच्या हातामुळं आणि त्याच्या पायांमुळं.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. जागा पाहायची आणि लगेच लिहायचं, ही माझी सवय. या वेळी मी दहा दिवस घरात बसून राहिलो. कोणाशी बोलावंसं वाटेना. वहिनी, त्या दहा दिवसांत तुम्ही जे ऐकलंत, त्यात माझ्या गप्प बसण्याचाही वाटा आहे. मला माफ करा. त्या अर्ध्या भाकरीचा दोष घेऊ नका. त्या ताटानं अण्णाला तीन धडधाकट वर्षं दिली. त्याला दिली, आणि त्याच्यामागं चालणाऱ्या मलाही.

उद्या सहाला मी निघणार आहे. कडी वाजणार नाही. माझी मलाच उघडावी लागेल.

धरणाच्या भिंतीवर जाताना एक चढ लागतो. मी तिथं बोलायला लागलो, की अण्णा मागं न बघता म्हणायचा, "चढावर बोलू न्हाई बे. दम राख. वर गेल्यावर बोल." दोन मिनिटांचा चढ आहे तो.

मंडळी, जागेवरच उभे राहा. तेवढा चढ आपण सगळे त्याच्यामागं गप्प चालू या.

वर गेल्यावर काय बोलायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.