न काढलेलं पाणी

अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहराच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक मराठी जोडपं बसलं होतं. लेकीनं, अनिकानं, शाईनं काढलेली ॲनिमेशन फिल्म बघून दोघं घरी निघाले होते.

"काय कासव काढलंय गं अनिकानं! ओल्या कागदावर शाई पसरते ना, तर वाटतं ते श्वासच घेतंय."

"आणि खोडायची सोय नाही, विनय. एक थेंब जास्त पडला, की अख्खं चित्र परत."

"एवढी चित्रं, सगळी हातानं! मी म्हटलं होतं, एकच कासव काढ, बाकीची कॉपी कर."

"हो, आणि मग ती तुझा फोन घेईना."

"बरं, ते माझं चुकलं. पण नदीचं मी बरोबर बोललो होतो हं. नदी काढायची राहूनच गेलीये. डेडलाइनची घाई, दुसरं काय!"

"ती म्हणाली ना, डॅड, द वॉटर इज देअर."

"कुठे देअर? आज मोठ्या पडद्यावर नीट बघितलं मी. कासवाच्या वर, खाली, सगळा कोरा कागद. पाण्याची एक रेघ नाही."

"नाहीच आहे."

"मग?"

"मग कासव पोहत आपल्याकडे आलं, तेव्हा तू बुटांसकट पाय वर का घेतलेस?"

मागे बूट सरकल्याचा आवाज आला.

"अनिकानं पाहिलं का गं?"

"ती पडद्याकडे बघतच नव्हती, विनय. तुझ्या पायांकडे बघत होती."