आपोआप लागणारा ब्रेक

(गॅरेज. वडील गाडीत, चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसलेले.)

मेकॅनिक : ताई, गाडी आजारी नाहीच. ब्रेकचा पंप नवा, ऑइल नवं, लायनर नवे. चारही चाकं तीनदा उघडून पाहिली. आज सकाळी बाजारातून फिरवून आणली, कोकरासारखी चालली.

मुलगी : तुमच्याबरोबर कोकरू. माझ्याबरोबर तिच्या अंगात येतं. मधेच आपोआप थांबते. मी ब्रेककडे पाय नेते, तर पेडल आधीच खाली गेलेलं.

वडील : जुनी गाडी आहे. माणूस काय, यंत्र काय, वय झालं की मनानं वागतं.

मेकॅनिक : सर, तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तर तुम्ही सांगायचात, यंत्राला मन नसतं, चालवणाऱ्याला असतं.

वडील : ते शिकाऊ लोकांना धीर यावा म्हणून.

मुलगी : बाबा, सोमवारी मला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय. घाट ओलांडून, एकटीनं, याच गाडीनं. चावी देतो म्हणाला होतात.

वडील : ब्रेकचा भरवसा असेल तर, असंही म्हणालो होतो. नसेल तर मी आहेच. सकाळी सोडेन, संध्याकाळी घेऊन येईन.

मुलगी : आणि दिवसभर?

वडील : फाटकाबाहेर गाडीतच बसेन. वाचायला नेईन काहीतरी. दुपारी तू खिडकीतून हात केलास तरी पुरे.

मुलगी : ऐकलंत ना, दादा? मी तिथे विभागप्रमुख म्हणून जातेय. आणि फाटकाबाहेर बाप पेपर वाचत बसणार, शाळा सुटायची वाट बघितल्यासारखा.

मेकॅनिक : तसं होऊ देणार नाही मी. रोग्याचा इतिहास घेऊ. ब्रेक धरतो कधी? चढावर, उतारावर, पाऊस असला की?

मुलगी : पिवळा दिवा लागला की. ट्रकच्या पुढे काढायला निघाले की. परवा एक बाई रस्त्याकडेला नुसत्या उभ्या होत्या. रस्ता ओलांडायचं त्यांच्या मनातही नव्हतं. तिथेही धरला.

मेकॅनिक : म्हणजे ब्रेकला पिवळा दिवा दिसतो आणि बायका ओळखू येतात.

वडील : योगायोग.

मेकॅनिक : आणि काकू शेजारी बसल्या होत्या तेव्हा?

मुलगी : आई? एकदाही नाही. तिला घेऊन मावशीकडे जाऊन आले. ती सगळी वाट मावशीबद्दलच बोलत होती, ब्रेकनं चकार शब्द काढला नाही.

मेकॅनिक : आणि सर बसले की?

मुलगी : बाबा बसले की... दर वेळी.

वडील : माझं वजन वाढलंय. एकाच बाजूला भार पडतो.

मेकॅनिक : सर, जरा उतरता का? ही पायाखालची मॅट उचलतो.

वडील : तिथे काय आहे? धूळ आहे.

मुलगी : मग धूळ बघू. सरा बाबा. हे काय, मॅटला भोक पडलंय. बरोबर तुमच्या उजव्या बुटाखाली. आणि भोकातून लोखंडाचा दांडा वर आलाय.

मेकॅनिक : आई गं.

मुलगी : दादा, हा शिकवणाऱ्याचा ब्रेक ना? चालवणारा शिकाऊ गडबडला की बाबा शेजारून दाबायचे तो? स्कूल बंद केलं तेव्हा तो काढून टाकला होता.

वडील : यालाच सांगितलं होतं काढायला.

मेकॅनिक : वरचा, पाय ठेवायचा पत्रा काढला होता, सर. दांडा गंजून बसला होता, हलेना. म्हटलं, पत्राच नाही तर दाबणार कोण?

वडील : अर्धवट काम. शिकताना चढावर गाडी मागे सोडायचास, तसंच.

मेकॅनिक : माझं अर्धवट, मान्य. पण मी घाम गाळत चाकं उघडत होतो आणि तुम्ही शेजारी उभं राहून टॉर्च धरत होतात.

वडील : नीट धरला होता की नाही?

मुलगी : बाबा. तुम्हाला ठाऊक होतं?

वडील : पहिल्यांदा नकळत दाबला गेला. पायाला वळण लागलंय, काय करू? तुझ्या आईला विचार. टीव्हीवर गाडी पळाली तरी माझा पाय हलतो. झोपेत किती चादरी फाडल्यात.

मुलगी : आणि दुसऱ्यांदा?

वडील : दुसऱ्यांदा म्हटलं, बघू तरी, अजून लागतो का.

मुलगी : मग?

वडील : छान लागतो.

मेकॅनिक : मी कटर घेऊन येतो.

मुलगी : थांबा दादा. उद्या परत म्हणायला नको, की गाडीचंच मन. आधी खात्री करू. बाबा, बसा शेजारी. बूट काढा. पट्टा लावा आणि सीटवर मांडी घाला.

वडील : अर्ध्या गावाला गाडी शिकवली मी. असा मांडी घालून बसलेला कोणी पाहिला तर?

मुलगी : सांगेन, बाबांनी निवृत्ती घेतलीय.

(गाडी रस्त्यावर. मुलगी चालवते आहे, वडील शेजारी मांडी घालून, मेकॅनिक मागच्या सीटवरून पुढे वाकलेला.)

वडील : पुढे वळण आहे.

मुलगी : दिसतंय.

वडील : मी नुसती माहिती दिली.

मेकॅनिक : सर, पाय.

वडील : मुंग्या आल्या म्हणून हलवला. तो पुढचा टेम्पो बघ, त्याचं काही खरं नाही.

मुलगी : त्याला जाऊ देतेय.

वडील : बरं. आणि आता दिवा...

मुलगी : पिवळा. हो.

मेकॅनिक : थांबली. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे. इतकी अलगद, की भरलेला पेला ठेवला असता तरी सांडला नसता.

वडील : मी नाही हं. दोन्ही पाय वर आहेत.

मुलगी : माहीत आहे. मी दाबला.

वडील : मी दाबला असता, त्याच्या जरा आधीच दाबलास.

मुलगी : म्हणजे लवकर झाला?

वडील : नाही. मला उशीर झाला असता.

मेकॅनिक : मग सर, परत गेल्यावर दांडा कापू ना?

वडील : काप. या वेळी मुळापासून काप. टॉर्च मी धरतो.

मुलगी : बाबा, हवं तर सोमवारी पहिल्या दिवशी तुम्ही...

वडील : हिरवा लागलाय. जा तू.