मिठागरातला सिंह

सिंह? मिठागरात सिंह कुठून आणलात तुम्ही? — नाही, बस, बस, उठू नकोस, तुझ्यावर नाही चिडलो. भाऊंच्या ऑफिसातून पाठवलं म्हणून तू आलीस, खोपटवरून इथे घोडबंदर रोडला यायला दीड तास गाडीत बसलीस, तुझी नोकरी आहे ती. अंतरा ना नाव? हां. तर अंतरा, हे जे भाऊंच्या पन्नाशीला शाळांत वाटायच्या नव्या आवृत्तीचे कागद ठेवलेस माझ्यापुढे, सही करा म्हणून, त्यात पान ब्याण्णववर सिंह आलाय. माझ्या कादंबरीत सिंह नाही. माझ्या कादंबरीत चिंबोरे आहेत, म्हणजे खाडीतले खेकडे, चिखलातले निवटे आहेत, बगळे आहेत, दोन म्हशी आणि एक टिटवी. आमच्या खाडीकाठाला जे असतं ते. आणि हा तुमचा सिंह करतो काय, तर फुटलेला बांध छातीने अडवतो. छातीने. अगं, उधाणाचं पाणी बघितलंय का त्या सिंहाने कधी? आणि वर पुन्हा चिंबोरा आता 'परक्या खाडीतून आलेला' झालाय. परक्या खाडीतून. माझा चिंबोरा आमच्याच खाडीतला होता, आमच्याच बांधात जन्मलेला, तीच तर सगळी गोष्ट आहे.

वाचलंयस तू पुस्तक? — खरं सांग. — नाही ना. मग ऐक, सही मागायला आलीस तर निदान माहीत तरी असू दे. मिठागराला मातीचा बांध असतो, खाडी बाहेर ठेवायला. त्या बांधाला भगदाड पडलं की आम्ही त्याला खांड बोलतो. खांड पडली की सगळं गेलं, मीठ गेलं, भात गेलं, घरात खारं पाणी. तर माझ्या गोष्टीत एक चिंबोरा आहे, तो रात्री बांध पोखरतो आणि दिवसा बांधावर उभा राहून शपथ घेतो की मीच बांधाचा राखणदार. आणि टिटवीचं काम असतं हाळी द्यायचं. खांड पडली की ती ओरडते, सगळे तोंडात माती घेऊन धावतात. एक दिवस चिंबोरा तिला ओरडायला लावतो. सगळे धावतात, बघतात तर बांध धड आणि चिंबोऱ्याची सभा मांडलेली. ओल्या मातीत प्रत्येकाचं पाऊल उमटतं आणि चिंबोरा बोलतो, बघा, ही तुमची संमती. झालं, मिठागर गेलं. आणि टिटवी शेवटी लाजेने चोच बंद करून मरते. हे पुस्तक. एकशे दहा पानं. पाच वर्षं लागली मला, आधी भिंती रंगवायचो ना, हात मोठ्या अक्षरांना सरावलेला.

बरं, छापून आलं, तर झालं काय? मला वाटलेलं मार पडेल. खरंच, दोन शर्ट आणि औषधं पिशवीत भरून ठेवलेली मी, डहाणूला मेव्हण्याकडे जायला. मार कुठला, शाल आली. पहिली शाल कल्याणहून, भाऊंच्या विरोधकांची — काळुराम, काय चिंबोरा रंगवलास, हुबेहूब दिपेशभाऊ. मी मनात बोललो, अरे, उल्हास नदीचा काठ तुम्ही खाल्लात, तुम्हाला तुमच्या नांग्या नाही दिसल्या? पंधरा दिवसांनी भाऊंचाच माणूस नारळ घेऊन दारात, की दादा, त्या कल्याणवाल्यांची काय जिरवलीत, भाऊ खूश आहेत. डोंबिवलीत वाचनालयात चर्चा ठेवलेली, तिथे एक गृहस्थ तासभर बोलले, लोकशाही, व्यंग, प्रचारतंत्र, सगळं बोलले, आणि शेवटी माझ्या कानाशी येऊन विचारतात, सोसायटीच्या निवडणुकीसाठी दोन ओळी लिहून द्याल का, आमचा सेक्रेटरी म्हणजे अगदी तुमचा चिंबोरा आहे. ज्याला दाखवायला आरसा घेऊन गेलो त्याने तो शेजाऱ्याच्या तोंडासमोर धरला. एकाला, एकाला तरी वाटावं ना की हा मी. नाही. राग कोणाचा येतो मला? चिंबोऱ्याचा नाही येत गं. टाळ्या वाजवणाऱ्यांचा येतो.

तू हसतेस. हसू नकोस, तू नऊ वर्षांपूर्वी शाळेत असशील. इथे, ह्या टॉवरच्या खाली, जिथे आता ते कारंजं आहे ना, तिथे आमचा बांध होता. आणि हाळी ही काही गोष्टीतली नाही, खरी होती. 'खांड पडली, धावा' — एवढं कानावर आलं की घरटी एक माणूस निघालंच पाहिजे, घमेलं घेऊन. का, कुठे, कोणी सांगितलं, विचारायचं नाही. जेवत असलं तर ताट सोडायचं. कोर्टात भांडणारे दोन भाऊ त्या दिवशी एका रांगेत उभे राहून एकमेकांच्या हातात घमेली द्यायचे. पलीकडच्या पाड्यातला ग्रेगरी, ख्रिश्चन माणूस, भाचीचं लग्न सोडून सुटाबुटात चिखलात उतरलेला, मी बघितलंय. आणि त्या हाळीत कधी कोणी खोटं बोललं नव्हतं. पोरंसुद्धा नाही, मस्करीतसुद्धा नाही. आईबापाच्या शपथा खोट्या घेणारी माणसं होती आमच्यात, पण हाळी खोटी द्यायची कोणाची छाती नव्हती.

मग भाऊंचं टाउनशिप आलं. जमिनीच्या संमत्या हव्या होत्या, आणि गाव सभेला येईना. तीन सभा लावल्या, खुर्च्या रिकाम्या. मी तेव्हा भाऊंचं प्रचाराचं सगळं बघायचो — 'घरचा माणूस, कामाचा माणूस' वाचलंयस ना भिंतींवर, माझं ते. तर भाऊंनी मला हाळी द्यायला लावली. रिक्षाला भोंगा बांधला आणि बोलले, दे. मी काय करणार, त्यांच्या भाकरीवर होतो. सकाळी अकरा वाजता दिली. आणि अख्खं गाव आलं, अंतरा. म्हातारी, पोटुशी, सगळी, डोक्यावर घमेली. बांध धड होता. मंडप होता. टेबलावर कागद, शाईचं पॅड. दमलेली माणसं, धापा टाकतायत, पंखे लावलेले, सरबत ठेवलेलं — कोण परत जातं? बसली. अंगठे दिले. मी मुद्दाम अमावस्या धरलेली, म्हणजे उधाण असतं, लोकांना शंका येत नाही —

काय? — हो, मी. मी धरलेली. म्हणजे भाऊंनीच सांगितलं होतं की माणसं गोळा कर. — नाही, हाळीचं नाही सांगितलं. त्यांना कुठे माहीत होती हाळी, ते त्या वेळी ठाण्यात राहायचे, बांधावर पाय ठेवला नव्हता त्यांनी. गोळा कर, एवढंच बोलले. कसं करायचं ते... आता डोकं माझं तसं चालतं त्याला मी काय करू? तीस वर्षं लोकांना कुठल्या शब्दाने उठवायचं तेच तर करत आलो. सुचलं. सुचलं आणि बरं वाटलं, हे पण ऐक, इतकं नेमकं सुचलं म्हणून त्या रात्री मला झोप छान लागलेली.

मग तीन वर्षांनी खरीच पडली. टॉवरच्या भरावाने पाणी वळलं आणि राहिलेला बांध फुटला. ग्रेगरी गल्लीगल्लीतून ओरडत फिरला, घसा बसेपर्यंत. एक माणूस बाहेर आलं नाही. खिडकीतून बोलायचे, जा रे, आता काय सही पाहिजे? बारा घरांत पाणी शिरलं. सगळ्यात आधी माझ्या बहिणीच्या, सगुणाआक्काच्या. सहा वर्षं झाली, ती शहाडला एका खोलीत आहे, बिल्डरने 'तात्पुरती' दिलेली. इथे दुसऱ्या मजल्यावर तिचा फ्लॅट तयार आहे, तिच्या नावाची पाटीपण लागलीय, चावी भाऊंच्या टेबलाच्या खणात. मला मिळाली लगेच. अकरावा मजला, खाडी दिसते.

तिलाच फक्त कळलं पुस्तक. नातीने, करिश्माने वाचून दाखवलं तिला. मी गेलेलो बघायला, वाटलं रडेल, माफ करेल. शांतपणे बोलली, "काल्या, टिटवी मारलीस कशाला? मेली नाय ती. जिती हाय, फ्लॅटमदी रवतेय." मला चहा दिला, आणि स्वतः नाही घेतला. माझ्याबरोबर नाही घेत ती काही. म्हणून सांगतो, ह्या कागदावर सही नाही. शेवटचं प्रकरण खोटं असेल, पण ते माझं खोटं आहे, त्यावर तुमचं खोटं चढवू देणार नाही मी. पाच हजार शाळकरी पोरांना सिंह दाखवता? भाऊंच्या पन्नाशीला? जाऊन सांग त्यांना, काळुराम नाही बोलला. ह्याच शब्दांत सांग. भीतबीत नाही मी आता कोणाला —

तुझा फोन वाजतोय. घे ना. — मला? कोण, भाऊ?

हॅलो. नमस्कार भाऊ. — हो, आलीय, बसलीय समोर. — वाचले ना. आत्ताच वाचत होतो. — कोणाची चावी? आक्काची? — वाढदिवसाला, स्टेजवरून, तुमच्या हस्ते. — नाही, नाही, उशीर कसला भाऊ, तुमच्या मागे किती व्याप. — हाळी? मी द्यायची? माईकवर? — हो, पुस्तक त्याच्यावरच आहे, बरोबर आहे. — येतील. जुनी माणसं येतील. नाही आली तर... भोंग्याऐवजी मोबाइलवर आदल्या दिवशी पाठवू, माझ्या आवाजात, म्हणजे घराघरांत जाईल. — सिंह? छान आहे भाऊ. मुलांना आवडेल. एक सुचवू का? तो एकदम पान ब्याण्णवला येतो ना, ते लोकांना पटणार नाही. दुसऱ्या प्रकरणातच लांबून दिसू दे त्याला, टेकडीवर. मग शेवटी आला की वाटतं, हा होताच. — हो. हो भाऊ. करतो.

दे पेन. — कुठे, इथे? आणि मागच्या पानावर. — अशी बघू नकोस माझ्याकडे, सहा वर्षं ती एका खोलीत आहे. सगुणाआक्काला पहिल्या रांगेत बसवतील, चावी घ्यायला वर जायचंय तिला. खुर्ची जरा कडेची दे, माईकपासून लांब. नाही, ऐकू चांगलं येतं तिला. जा आता. सहानंतर नाक्यावर फार अडकशील.